पळण्याचे प्रकार आणि माझ्या मिशा

कडेगाव

तीर्थरूप साळूअक्काच्या सेवेशी,

धाकट्या धैर्यशीलचा दुरूनच, ताठ उभं राहून नमस्कार. (वाकून करणार होतो, पण आमच्या अंगणात हल्ली वाकायची सोय राहिलेली नाही. कारण पुढं येईलच.) तुझा गुडघा काय म्हणतो? दाजींचा खोकला उतरला का? फोनच केला असता, पण तू फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर बसतेस आणि माझ्या घरची भानगड माझ्याच घरात कळायच्या आत आटपाडीच्या बाजारात पोचते. म्हणून पत्र. वाचून झालं की चुलीत घाल. (दाजींना वाचून दाखव आणि मग घाल.)

तुझी भाची क्रांती विश्रामबागेत इंग्रजी बोलायचा क्लास घेते हे तुला ठाऊक आहेच. तिथली पोरं पुरत नाहीत म्हणून घरी आली की ती माझ्यावर हात साफ करते. मी फौजेतून हवालदार होऊन आलो, तरी माझं इंग्रजी काही परेडच्या हुकमांपुढं गेलं नव्हतं. परवाचा धडा होता 'रन अवे', म्हणजे पळून जाणे. त्याचे भाऊबंद म्हणजे 'फ्ली', 'एस्केप', 'बोल्ट', आणि 'टेक टू युवर हील्स'. हा शेवटचा आपल्या ढुंगणाला पाय लावून पळण्याचा चुलतभाऊ दिसतो. मी म्हटलं, "पोरी, फौजेत ह्यो शब्द शिकवत न्हाईत." तर म्हणते कशी, "आवं आबा, मग रविवारी ट्रॉलीवर कोण चढलं हुतं?" इथं मला धडा आवरता घ्यावा लागला.

आता रविवारचं ऐक. साताऱ्याची मंडळी क्रांतीला बघायला आली होती. मुलगा जयराज, जनावरांचा डॉक्टर. (हा आमच्या क्रांतीला विश्रामबागेत आधीच दिसलेला, पटलेला आणि बहुतेक चहालाही भेटलेला होता, हे तुझ्या भावजयीला, रेश्माला, ठाऊक होतं आणि मला ठाऊक नाही असं ठरलेलं होतं.) तिकडं तू पाठवलेला मेंढा, सरदार, गोठ्यात बांधलेला. "गरीब हाय, लेकरागत संभाळ," असं तू म्हणालीस. पण तो टकरीत वाढलाय हे सांगायचं तेवढं विसरलीस! समोर कुणी डोकं खाली घातलं की आपल्याला टकरीला बोलावलं, एवढीच त्याची शाळा. रेश्मानं गोठा झाडायला त्याला क्षणभर सोडला आणि तेवढ्यात पाहुणे दारात आले.

पोरगं संस्कारी घरातलं. आल्या आल्या आपल्या कोंडीबाकाकांच्या पाया पडायला वाकलं. सरदारनं ते पाहिलं, दोन पावलं मागं सरला आणि सुटला. आपल्या भाषेत पळण्याला इतके शब्द कशाला, असं मला नेहमी वाटायचं. त्या दिवशी कळलं की एकही जादा नाही. जयराजनं धूम ठोकली ती थेट उसात. त्याच्या वडिलांनी "गाडीत मोबाईल राहिला" म्हणत काढता पाय घेतला. कोंडीबाकाका, ज्यांना संडासला न्यायलाही माणूस लागतो, त्यांनी काठी टाकून पोबारा केला आणि मारुतीच्या देवळात सापडले. भावकीनं सुंबाल्या केला. मी मात्र पळालो नाही. मी उंचावरची मोक्याची जागा धरली. (ट्रॅक्टरची ट्रॉली.) अंगणात उरली एकटी क्रांती. तिनं हातातली पोह्यांची बशी पुढं केली. सरदारनं पाहुण्यांचे पोहे खाल्ले, शेंगदाण्यांसकट, आणि मांजरासारखा तिच्या मागनं गोठ्यात गेला.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण भावकी गोळा झाली ती मला ट्रॉलीत बघून दात काढायला लागली. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. वर उभं राहिलं की हुकूम सोडायची सवय वाईट, अक्का. मी मिशीला पीळ दिला आणि गरजलो, "पळणाऱ्याला पोरगी देणार न्हाई! दिली तर ह्या मिशा उतरवीन!" तेवढ्यात जयराज उसातून बाहेर आला. पानांनी तोंड कापलेलं, एक चप्पल गायब. माझ्यापुढं उभा राहून सरळ म्हणाला, "मामा, पळालो हे खरं हाय. मेंढ्याची टक्कर बसली तर काय हुतं, ते मला तुमच्यापेक्षा जास्त म्हाईत हाय. परत आला तर परत पळीन." खरं सांगू? पोरगा मला त्याच क्षणी लय आवडला. फौजेतसुद्धा मी इतका खरं बोलणारा गडी क्वचित पाहिला. पण बाण सुटला होता. क्रांतीचा चेहरा उतरला, आणि माझी लेक दोन दिवस माझ्याशी इंग्रजीतसुद्धा बोलली नाही.

तर मतलब असा की मर्द गड्याचा शब्द तो शब्द. साताऱ्याचं स्थळ मोडलं. तू यावर काही बोलू नकोस. दाजींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझा, शब्दाचा पक्का,
धैर्यशील

ता. क. वरचा 'मर्द गड्याचा शब्द' भावकीत दाखवायला लिहिला. खरं काम पुढं आहे. मी पोरगी 'देणार' नाही म्हणालो. ती पळूनच गेली तर मी काय करणार? तेव्हा या दोघांना आटपाडीला तुझ्याकडे पळून येऊ दे. चार दिवस ठेवून घे, त्यांना पुरणपोळी कर, आणि मग फोन करून रडव्या आवाजात मला कळव. (त्या दिवशी स्पीकर चालेल.) मी इकडं थोडा आरडाओरडा करीन, मग विरघळीन. क्रांतीची बॅग मी भरून ठेवली आहे. एस.टी.च्या वेळाही विचारून आलो.

ता. क. दुसरा. बेत फसला. दोघंही पळायला तयार नाहीत! जयराज म्हणतो, "एकदा पळालो, तेवढं बास." आणि क्रांती म्हणाली, "आबा, पळून गेलो तर माझा हात त्येच्या हातात कोण देणार? मला तुमीच पायजे." यावर मी गोठ्यात जाऊन बसलो. सरदारच्या पाठीवर हात ठेवून रडलो. त्यानं काही गैरसमज करून घेतला नाही, कारण मी मान वर ठेवून रडलो.

ता. क. तिसरा. लग्न याच महिन्यात आहे. पत्रिका मागनं येतेच. तू आधी ये. पाया पडायचे कार्यक्रम सरदारला मळ्यात बांधून झाल्यावरच होतील. आणि मांडवात मी ओळखू आलो नाही तर गोंधळू नकोस. आज सकाळी न्हाव्याकडं जाऊन आलो. तोंड सोललेल्या बटाट्यासारखं दिसतंय. रेश्मा मला बघून हसत हसत शेजारी पळाली, आणि क्रांतीनं गळ्यात पडून गालाचा मुका घेतला. लहानपणी मिशा टोचतात म्हणून घेत नव्हती.