आईला सगळं चालतं

इस्रायल आळी, पनवेल

प्रिय एफ्रातताई,

पत्र बघून दचकू नकोस. आई बरी आहे, नोम बरा आहे, घरही जागेवर आहे. रोज व्हिडिओ कॉल असताना तुझ्या भावाला कागद का आठवला, हा प्रश्न तुला पडणारच. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी लहान होतो आणि लहान झालो की खोटं बोलतो, हे तुला माहीत आहे. शाळेत असताना काच मी फोडायचो आणि मार शेजारच्या प्रणितला खायला लावायचो. तेव्हा तू मला पाठीशी घातलंस. आता घालू नकोस.

चार महिन्यांपूर्वीच्या त्या रविवारचं मी तुला धड कधी सांगितलंच नाही. कळंबोलीच्या लोखंड बाजारातली आमची कंपनी तुला ठाऊक आहे. मी तिथे शाखाप्रमुख होणार असं ठरत आलं होतं आणि आमच्या अरुंधती मॅडमनी निवडक माणसांना घरच्या एकेकासह जेवायला बोलावलं होतं. जेवण कुठे, तर वाइनरीत! कर्नाळ्याच्या अलीकडे, गोवा हायवेवरून आत, कुणीतरी नवीन काढली आहे. द्राक्षं नाशिकची, वाइन इथे मुरवतात आणि पाच पदार्थ आणि पाच वाइन अशी जोडीजोडीने पंगत वाढतात. पाच पदार्थांना अडीच तास! आपल्याकडे अडीच तासांत अख्खं लग्न जेवून उठतं.

माझ्यासोबत बायको म्हणून दिपिकाच यायची होती, पण आमच्या पोराला, नोमला ताप भरला आणि ती थांबली. मग मीच आईला म्हटलं, चल. आई इतकी हरखली की विचारू नकोस. तिने ती मोरपंखी साडी काढली, तू मागच्या वेळी आणलेले मोती घातले. निघताना दिपिका दारात आली आणि म्हणाली, आईंचं खाण्याचं सांगून ठेवलंय ना? मी म्हटलं, हो हो.

सांगितलं नव्हतं, ताई. आठवडाभर आधी फॉर्म आला होता, त्यात एक ओळ होती, काय चालत नाही ते लिहा. मी लिहिलं, ‘सगळं चालतं’. पुढे दिपिकाऐवजी आई येणार ठरलं तेव्हा एक फोन केला असता तर भागलं असतं. तोही केला नाही. का, ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. या ऑफिसात मी नऊ वर्षं ‘सगळं चालणारा’ माणूस म्हणून वावरलोय. आपल्यात वर्ज्य असलेली कोळंबी, मटणाशी दूधदुभतं चालत नसताना चीज घातलेला मटण बर्गर, सगळं. एकदा कुणी विचारलं की तुम्ही नक्की कोण, आणि आपण ‘ज्यू, बेने इस्रायल’ म्हटलं, की मग ती दोनशे प्रश्नांची रांग लागते, आणि शेवटी ‘अरे पण मराठी किती छान बोलता!’ हे येतंच. मला त्याचा कंटाळा होता, असं मी स्वतःला सांगायचो. कंटाळा नव्हता. मला वेगळं दिसायचं नव्हतं.

पहिलं पापलेट आलं, पांढऱ्या वाइनबरोबर. सुरळीत झालं. आईने ग्लास हातात घेतला, पदर डोक्यावर ओढला आणि तिचे ओठ हलायला लागले. पप्पा गेल्यापासून घरात द्राक्षरसावरचा आशीर्वाद तीच म्हणते, तुला माहीत आहे. मॅडम बघत होत्या. मी टेबलाखालून आईच्या पायाला पाय लावला. ती मध्येच थांबली. पदर खाली घेतला. वाइन तिने नुसती ओठांना लावली.

मग कोळंबी आली. आईने ती बाजूला सारली आणि पोट भरल्याचं सांगितलं. तिथली वाढणारी मुलगी, सई तिचं नाव, लाल वाइन ओतताना समजावून सांगत होती की हिला मनुकांचा वास आहे. आईचा चेहरा एकदम उजळला. ती तिला सांगू लागली, आमच्याकडे शुक्रवारी आशीर्वादाच्या शरबतासाठी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून... आणि मी मध्येच मोठ्याने हसून विषय लोखंडाच्या भावावर नेला. मला वाटलं, आता ती गाळणं, फडकं, प्याला सगळं काढणार. आईला माझं हसणं कळलं.

चौथं ताट मटणाचं. चीज आणि सायीच्या रश्श्यात, वर लोण्याचा गोळा. आईने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, ताई. मॅडमनी प्रेमाने विचारलं, काकू, काही वेगळं मागवू का? आणि मी म्हणालो, छे छे, आमच्या आईला सगळं चालतं, जरा लाजतेय एवढंच.

आईने मटण खाल्लं. सगळं. सत्त्याहत्तर वर्षांत जिने मटणानंतर सहा तास चहात दूध घातलं नाही, आपल्या रीतीने न कापलेलं मटण तोंडात घातलं नाही, तिने ताट पुसून स्वच्छ केलं आणि मॅडमना म्हणाली, छान होतं हो. घरी येताना गाडीत तिने मला शाखाप्रमुख होणार म्हणून शाबासकीही दिली.

दिपिकाला कसं कळलं, तर आईने रात्रीचं जेवण नको म्हटलं आणि तिने खोदून विचारलं. रागावली की तिची उरणची बोली बाहेर येते. ‘तुमी लिवलंच नाय? आईंचं तुमी लिवलंच नाय?’ एवढं एकच वाक्य ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. लग्नाला अकरा वर्षं झाली, ताई. बाहेरच्या समाजातली म्हणून तिला आपल्यात कुणी धड घेतलं नाही, मंगलकार्यात एका कोपऱ्यात बसवली, पण दुधाची भांडी वेगळी आणि मटणाची वेगळी ठेवायला ती एक दिवस चुकलेली नाही. माझ्याकडून चूक होते, तिच्याकडून नाही.

आता मुख्य गोष्ट. त्यानंतर दोन दिवसांनी आईने तुला फोनवर इतकंच सांगितलं की माझ्या पोटात मटण आणि साय एकत्र गेली. कुठे, कसं, कुणामुळे, काही बोलली नाही. तू मला फोन केलास, रडत, चिडून. म्हणालीस, घरात असं झालंच कसं, कुणी केलं? तेव्हा मी म्हणालो, ‘दिपिकाकडून झालं गं, तिला नाही लक्षात आलं.’

दिपिका तिथे नव्हतीच. ती घरी नोमच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसली होती.

त्या दिवसापासून तू तिच्याशी बोलली नाहीस. खजुराच्या पार्सलवर आईचं आणि नोमचं नाव होतं, तिचं नव्हतं. ती मला विचारते, ताई माझ्यावर का रागावल्या? मी सांगतो, तिकडे कामं फार असतात. ती मान डोलावते. मग तू आईला तिकडे इस्रायलला, अश्दोदला कायमचं घेऊन जायचं ठरवलंस, तिकीट पाठवलंस, आणि आई हो म्हणाली. तुला वाटलं, तिला इथल्या स्वयंपाकघराची किळस आली.

आई आतल्या खोलीत होती, ताई. मी तुला फोनवर जे सांगितलं ते तिने ऐकलं. मी फोन ठेवला तेव्हा ती दारात उभी होती. म्हणाली, ‘जोशू, परवा मी तुझी लाज राखली. आज तू त्या पोरीची अब्रू घेतलीस.’ मी उद्या सांगतो म्हणालो. ती रोज वाट बघत राहिली. मी रोज उद्यावर ढकललं. तुझं तिकीट आलं त्या सकाळी तिने मला एकदाच विचारलं, सांगितलंस का? मी खाली बघितलं. मग ती आत जाऊन पासपोर्ट शोधायला लागली.

अठरा तारखेला ती तुझ्याकडे पोचेल. हे पत्र त्याआधी मिळावं म्हणून कुरिअरने पाठवतोय, आणि ते दिलं की लगेच घरी जाऊन दिपिकाला सगळं सांगणार आहे. आधी तुला लिहिलं, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. तू पहिला फोन तिला कर, मला नंतर. आई मला सांभाळून घेईल, ‘चूक माझीच होती’ असं स्वतःवर घेईल, तिचं ऐकू नकोस. तिकीट रद्द कर असं मी म्हणत नाही, तेवढं तोंड मला उरलेलं नाही. फक्त विमानतळावर तिला जवळ घेशील तेव्हा एवढं लक्षात ठेव, की ती दिपिकाच्या हातच्या अन्नाला कंटाळून आलेली नाही. ती माझ्यापासून लांब आली आहे.

तुझाच, पण आज तुझ्यासमोर मान वर न करू शकणारा,
जोशुआ