पडवळाचं पाणी, अँथुरियमचं पाणी

रितेश,

"पडवळाच्या वेलाला घालतेस तेवढं पाणी त्या फुलझाडाला घालू नको गो, ते मुकाट्याने मरतं," असं आईंनी गेल्या वर्षी बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं आणि तुझ्या ताईने दिलेलं पहिलं अँथुरियम मुळाशी कुजून गेलं. म्हणून आता लिहून ठेवतेय.

बाळाचा ताप पहाटेही उतरला नाही. आई आणि मी त्याला घेऊन दवाखान्यात जातोय. बहुतेक ठेवून घेतील.

पावसाने उघडीप दिलीय, तेव्हा मांडवावरच्या वेलाला मुळाशी दोन कळश्या पाणी घाल. जरा ऊन लागलं की तो मान टाकून बसतो, पाणी मिळालं की पुन्हा उभा. नवीन पडवळाच्या टोकाला दगड बांध, नाहीतर वाकडं होईल. पडवीतलं अँथुरियम मात्र सावलीतच राहू दे. कुंडीत बोट घालून बघ, आतली नारळाची सोडणं ओली लागली तर थेंबभरही नको. वरून टवटवीत दिसतं, त्यावर जाऊ नको.

मनस्वीला शेजारी मथुराकाकूंकडे ठेवलंय. निघताना तिनेच बाळाचं टोपरं शोधून दिलं आणि म्हणाली, "मम्मी, तू जा, मला काही नको." सहा वर्षांची आहे रे ती. बाळ आजारी पडल्यापासून रोज हेच म्हणतेय, आणि मला ते बरंच वाटत होतं.

झाडांचं नंतर बघ. ड्यूटीवरून आलास की आधी तिच्याकडे जा. काही विचारू नको, नुसता जवळ बस. नीट जेवली का, तेवढं काकूंना विचारून मला कळव.

मृणाली