सर्व समाधानकारक

३ मार्च
नवा नियम. घर विकत घेण्याआधी ते तपासून देणाऱ्यांना आता लायसन्स हवं. म्हणजे मला! एकोणीस वर्षं लोकांची घरं तपासतोय. एप्रिलअखेर लायसन्स नसेल तर धंदा बंद. नमुन्याचे तीन रिपोर्ट द्यायचे, त्यातलं एक घर परीक्षक स्वतः येऊन बघणार. डाव्या हातचा मळ. संकल्प: रोज सकाळी सहाला उठून नियमपुस्तिकेची दहा पानं.

४ मार्च, सकाळी साडेनऊ
उठलो. पानं उद्यापासून.

६ मार्च
पुस्तिकेचा टाइप फार बारीक. माझे डोळे उत्तम आहेत. बायको म्हणाली, मी वाचून दाखवते. कोचावर आडवा होऊन, डोळे मिटून एकाग्रतेने ऐकलं. मी घोरत होतो असं तिचं म्हणणं. विचार करताना माझा श्वास जोरात चालतो.

११ मार्च
दोन रिपोर्ट जुन्या फायलीतून काढले. तिसऱ्यासाठी उन्हात शिडी घेऊन कोण फिरणार? एकदम सुचलं, आपलंच घर! बारा वर्षं राहतोय, त्यात बघायचं काय? कोचावरूनच लिहिला, नऊ मिनिटांत. भिंती: समाधानकारक. छत: समाधानकारक. बाथरूम: समाधानकारक.
बायको म्हणाली, बाथरूमचं छत चार वर्षं टपकतंय त्याचं काय? तिला समजावलं की खाली बादली आहे, फरशी कोरडी राहते, मग गळती कसली? पान सतरावर काहीतरी आहे असंही म्हणत होती. पाठ आहे म्हटलं.

२५ मार्च
परीक्षक नेमके आपल्याच घरी येणार! नशीब जोरावर आहे.

१ एप्रिल
बाथरूमच्या छताला पांढरा रंग मारला. वाळत नाहीये. हवा दमट.

२ एप्रिल
परीक्षक आले. गंभीर गृहस्थ. छताकडे बघायला मान वर केली आणि ओल्या रंगाचा पोपडा त्यांच्या चष्म्यावर पडला. मग विचारलं, घर कोणाचं? अभिमानाने सांगितलं, माझंच. त्यांनी पान सतरा उघडलं. स्वतःच्या घराचा रिपोर्ट स्वतः द्यायचा नाही.
तेवढ्यात बायकोने वही आणली. चार वर्षांची. कुठल्या तारखेला किती बादल्या, डाग किती बोटं सरकला, वरच्या मजल्यावरचे कधी आंघोळ करतात, सगळं. परीक्षकांनी ती उभ्या उभ्या अर्धा तास वाचली. माझा रिपोर्ट त्यांनी एका मिनिटात मिटला होता. खरं सांगायचं तर वाईट वाटलं. चहा मी केला.

१० एप्रिल
नामंजूर. पुढचा अर्ज वर्षानंतर, तोवर लायसन्सवाल्याच्या हाताखाली काम करता येईल. पत्रात खाली शेरा: वही ठेवणाऱ्या बाईंनी जरूर अर्ज करावा. राजकारण आहे सगळं.

२९ एप्रिल
बायकोला लायसन्स मिळालं. फॉर्मवर अनुभवाच्या रकान्यात तिने लिहिलं होतं, एकाच गळतीवर चार वर्षं रोज लक्ष. आज आणखी एक कागद पुढे केला, म्हणाली, नीट वाचून सही करा. बायकोच्या कागदात वाचायचं काय? केली.
आता वाचला. मदतनीस म्हणून नेमणूक. उद्या सकाळी सहाला हजर, शिडी मी धरायची.