एमरीचे कमी पडलेले डाव

मी, लोरेटा मारोश, माहेरची बोदनार, वय एकाहत्तर, शाळाबसच्या कचेरीतून निवृत्त, राहणार कन्सॉल स्ट्रीट, टोलीडो, ओहायो, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. शरीराबद्दल तसे म्हणता येत नाही. डॉक्टर ऑगस्टपुढचे काही बोलत नाहीत आणि बेसबॉलचा हंगाम सप्टेंबरअखेरपर्यंत चालतो, म्हणून हे मृत्युपत्र आत्ताच करत आहे. कोणी भरीस घातलेले नाही. आजवर कोणाला ते जमलेलेही नाही.

कलम १. राहते घर माझी मुलगी थेरेसा हिला द्यावे. अट एकच: मार्चच्या शेवटच्या रविवारी तळघर उघडे ठेवावे, कारण आमच्या तळघर लीगचे दहा मालक त्या दिवशी तिथे बसून खेळाडू निवडतात. खेळाडू खरे, त्यांचे सामनेही खरे. संघ मात्र आमचे, कागदावरचे; खेळाडू मैदानात जे करील ते त्याच्या मालकाच्या खात्यात. थेरेसाला यातले काही कळत नाही. दार उघडता येते, तेवढे पुरे आहे.

कलम २. बँकेत उरेल ते तिचेच. दफन साधे करावे. जेवणाला चिकन पाप्रिकाश असावे आणि ते चर्चमधल्या बायकांनी करावे, थेरेसाने करू नये.

कलम ३. बर्फ उडवायचे यंत्र शेजारी डेल प्रुइट याला द्यावे. ते गेली तीन वर्षे त्याच्याच गॅरेजमध्ये आहे, तेव्हा हलवायचा त्रास नाही. लीगच्या कारभारात मात्र डेलला काहीही देऊ नये. हा माणूस दर वर्षी पॉइंट्स पद्धतीचा ठराव आणतो. "अगं लोरेटा, सरळ बेरीज कर ना! होमरनला चार, बेस चोरला की दोन, बॅटर हात हलवत परतला की एक वजा. शेंबडं पोरसुद्धा समजेल!" पोराला समजेल, हे मलाही मान्य आहे. पण नुसत्या बेरजेत एक दांडगा होमरनवाला बाकी साऱ्या संघाचा आळस झाकतो. असली माणसे मी नोकरीत पुष्कळ पाहिली.

कलम ४. लीग रोटिसरी पद्धतीनेच चालावी. होमरन, चोरलेले बेस, पिचरने दिलेल्या धावांची सरासरी, असे दहा रकाने. प्रत्येक रकान्यात दहा संघांचे क्रमांक लावायचे. पहिल्याला दहा गुण, शेवटच्याला एक. सगळ्या रकान्यांची बेरीज हंगाम संपल्यावर. म्हणजे संघात चेंडू कुंपणापार मारणारा दांडगाही लागतो आणि पिचरची नजर चुकवून पुढचा बेस गाठणारा चोरही. एप्रिलमध्ये केलेला गाढवपणा सप्टेंबरपर्यंत अंगाला चिकटून राहतो. मला हे योग्य वाटते.

यात एक पळवाट आहे. सरासरी चांगली असली की शेवटी पिचरांना बाकावर बसवायचे. जो चेंडूच टाकत नाही, तो धावाही देत नाही. डेलने एकदा हे केले, तेव्हा आम्ही नियम केला: हंगामात पिचरांचे एक हजार डाव भरलेच पाहिजेत, नाहीतर त्या रकान्यात शून्य. नियमाचा मसुदा माझा धाकटा भाऊ एमरी बोदनार याने लिहिला. हे मुद्दाम नोंदवते.

कलम ५. आठ वर्षांपूर्वी एमरी पहिल्या क्रमांकावर होता. शेवटच्या आठवड्यात त्याने सगळे पिचर बसवले आणि बिअर उघडून निवांत झाला. दोन डाव कमी पडले. लीगचा हिशेब माझ्याकडे असतो; मी शून्य लावले. पहिला क्रमांक माझ्याकडे आला.

"लोरी, दोन डावांनी काय आभाळ कोसळतंय का?"

"नियम तूच लिहिलायस."

"तो डेलसाठी लिहिला होता! सख्ख्या भावाला लावतेस? खेळा मग तुम्हीच."

तो गेला तो गेलाच. आता तो अनोळखी लोकांच्या लीगमध्ये खेळतो, समोरासमोरच्या पद्धतीने. तिथे दर आठवड्याला एकच प्रतिस्पर्धी. त्या आठवड्याचे रकाने ताडून पाहायचे, रविवारी निकाल, सोमवारी पाटी कोरी. त्याला ही पद्धत आवडते. माझ्यावरचा राग मात्र त्याने रोटिसरीने धरला आहे, पहिल्या दिवसापासूनचे सगळे जमेस धरून. माझा नवरा गेला तेव्हा तो चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसला आणि जेवणाआधी निघून गेला.

गेल्या महिन्यात थेरेसाने त्याला माझ्या आजाराचे कळवले. तो म्हणाला, "नको गं पोरी. आता तोंड उघडलं तर वाकडंच निघेल. जेवढं बरं होतं आमच्यात, तेवढं तरी राहू दे."

पिचर बसवायचे ते ह्याच हिशेबाने. डाव कमी पडतात ते असे.

कलम ६. माझा संघ एमरीला द्यावा. माझ्या मृत्यूनंतर नव्हे, आजपासून. वकील म्हणतात, मृत्युपत्रात 'आजपासून' लिहिता येत नाही. मी लिहिले आहे. याची प्रत त्यांनी सहीआधीच स्वतः जाऊन त्याच्या हातात द्यावी, आणि सहीसाठी ठरलेला दिवसही सांगावा. एमरीने दर रविवारी येऊन, माझ्या खाटेशी बसून, संघ लावावा. पिचर बाकावर ठेवू नयेत. धावा जातील, सरासरी बिघडेल, आपण भांडू. भांडू या. मला तू हवा आहेस, एमरी. हे मी आठ वर्षांत बोलले नाही, म्हणून वकिलाकडून टाइप करून घेतले.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. मी सही केली ती खालील दोघींनी पाहिली. दोघींनाही यातून काही मिळत नाही.

लोरेटा मारोश

साक्षीदार: मार्चेटा हॉब्स, नर्स
साक्षीदार: इलोना सेकेरेश, कन्सॉल स्ट्रीट

टोलीडो, ९ जून

(खाली, त्याच दिवशी, वेगळ्या हस्ताक्षरात)
वाचलं. सगळे पिचर मैदानात उतरवलेत. तुझा शॉर्टस्टॉप भिकार आहे, त्याला हाकल. रविवारी येतो. — एमरी बोदनार

(त्याखाली)
साक्षीदार म्हणून ही सही चालत नाही, असे वकिलांचे म्हणणे. ती खोडू नये. शॉर्टस्टॉप राहील. — लो. मा.