चाकं आत घ्यायची

३ नोव्हेंबर, सोमवार

फुटलंच शेवटी! वाशिमहून परत येताना, मागचं डावं टायर. अम्मीचं डायलिसिस होऊन तास नव्हता झाला, बीपी उतरलेलं, मागच्या सीटवर अब्बांच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती — नी गतिरोधकावर तो नेहमीचा घर्रर्र आवाज, मग फट्! उतरून पाह्यलं तर टायरची कड मडगार्डच्या पत्र्यानं चिरलेली.

स्टेपनी लावली. मीच. अब्बा दाराशी उभे राहून अम्मीवर रुमालाची सावली धरून होते. सोयाबीनचे ट्रॅक्टर बाजूनं जाऊन राह्यले होते, एकही थांबला नाही. अम्मी आतून सारखी — "तूबा, बेटा, हात सांभाळ." तिले माह्या हाताची पडली!

घरी आल्यावर अब्बा एवढंच म्हणले, "या गाडीत मी सिताराले पुन्हा बसवत नाई." ते अम्मीले नावानं बोलले म्हणजे गोष्ट संपली.

माही नाही संपली.

४ नोव्हेंबर

ही चाकं माह्या मोठ्या भावाची, इमादभाईची. पुण्याले नोकरीवर गेला, पहिल्या वर्षाच्या पगारातून आणली — काळी, रुंद, चकचकीत. जुन्या चार चाकांच्या बदल्यात. आमच्या वाशिमकडच्या मालेगावच्या चौकात गाडी उभी केली की पोरं थांबून पाहत. टायर मडगार्डच्या बाहेर आलेलं असायचं, त्यालेच तो 'लुक' म्हणे. तेव्हा गाडीत तो एकटा बसायचा. आता मागे अम्मी-अब्बा, डिक्कीत व्हीलचेअर. गाडी मागून दबते नी पत्रा टायरवर टेकतो.

संध्याकाळी फोन केला.

"चाकांना हात नको लावू, तूबा. मी आलो की पाहीन."

"कधी येतो तू?"

"पाहतो."

ईदले नाही आला. दिवाळीत सुट्टी मिळून राह्यली होती, तरी नाही आला. अम्मीची विचारपूस मात्र रोज करतो, फोनवर. फोनवर काय, कोणीही करते!

६ नोव्हेंबर, गुरुवार

डायलिसिसले ऑटोनं गेलो. जाताना बरं होतं. येताना अम्मीले दोनदा उलटी. ज्या हाताले सुया टोचतात तो हात छातीशी धरून बसली, प्रत्येक खड्ड्याले डोळे मिटायची. ऑटो नाही, गाडीच पाहिजे.

७ नोव्हेंबर

जुम्म्याची नमाज म्हणून अब्बांचं कुशनचं दुकान दुपारी बंद. तेवढ्यात मी गाडी घेऊन वाशिम रोडवर जगदेवकाकांच्या टायरच्या दुकानात. काकांनी चाकाखाली वाकून पाह्यलं नी हातोडा मागवला. "पत्रा ठोकून वर करतो. पाच मिंटाचं काम."

तिथं बसलेलं एक गिऱ्हाईक म्हणे, "स्पेसर टाका ना, मॅडम."

स्पेसर! ती तर चाकाच्या मागे घालायची चकती. चाक अजून बाहेर येईल!

मी म्हणलं, "काका, चूक चाकाची नी मार पत्र्याले? काहून?"

काका हसले. हातोडा खाली ठेवला. "मंग तूच सांग काय करू."

मले सांगता नाही आलं. ते लागलं मले.

८ नोव्हेंबर

आज कळलं! लिहून ठेवते, नाहीतर उद्या पुन्हा गोंधळ.

स्टेपनी कंपनीची आहे, म्हणजे मूळ चाक. ती नी भाईचं एक चाक अंगणात पालथी टाकली, टेप घेतला, मागचे कोरलेले आकडे घासून वाचले. स्टेपनी — रुंदी पाच इंच, ईटी ४५. भाईचं — सात इंच, ईटी ३५.

ईटी म्हणजे ऑफसेट. चाकाच्या रुंदीचा बरोबर मध्य धरायचा. गाडीले चाक जिथं बोल्टनं टेकते, ती बैठक मध्यापासून जेवढी बाहेरच्या अंगाले, तेवढा ऑफसेट, मिलिमीटरमधी. आकडा मोठा तर चाक गाडीच्या पोटात. आकडा लहान तर चाक बाहेर.

रुंदी दोन इंच जास्त, म्हणजे दोन्हीकडे एकेक इंच. वरून ऑफसेट दहानं कमी. म्हणजे टायर मूळ जागेपासून साडेतीन सेंटिमीटर बाहेर! तरीच!

अम्मी बाजेवरून पाहून राह्यली होती. "काय शिवून राह्यली ओ?" तिले वाटलं कपड्याचं माप घेते. मी म्हणलं, तुह्यासाठीच शिवते.

९ नोव्हेंबर

अब्बांना टेप लावून दाखवलं. "बीएस्सी करून हे शिकली काय?" — पण टेपचं दुसरं टोक त्यांनी धरलं. मग म्हणले, "एकदा. घासलं तर गाडी विकली."

१३ नोव्हेंबर

हरली आज.

अम्मीले ऑटोनंच नेलं. ती आत होती तेवढ्यात वाशिमातल्या एका जुन्या चाकांच्या दुकानातून चार चाकं घेतली. साडेपाच इंच. रुंदी कमी झाली म्हणजे झालं, असं वाटलं. परतल्यावर जगदेवकाकांनी बसवली, मागच्या सीटवर सोयाबीनची पोती टाकली. पहिलाच गतिरोधक — घर्रर्र!

काका म्हणले, "पोरी, हे तं तसंच हाय."

उतरवून मागे पाह्यलं. ईटी २०. वीस! रुंदीत कमावलं ते सगळं ऑफसेटनं खाल्लं. भाईच्या चाकापेक्षा जेमतेम चार मिलिमीटर आत. स्वतःच्या अंगणात मीच शोधलेली गोष्ट, नी दुकानात जाऊन अर्धीच पाह्यली. घाई. फक्त घाई.

घरी येताना आमच्या गल्लीतल्या गतिरोधकावर पुन्हा तेच. अब्बा दारात होते. त्यांनी आवाज ऐकला होता. पाठ फिरवून आत गेले. मले ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

जेवली नाही. रडलीही नाही.

१४ नोव्हेंबर

अब्बांना म्हणलं, "एकदा म्हणले होते तुम्ही, ती एकदा झाली. मले दुसऱ्यांदा पाहिजे." त्यांनी गाडीची किल्ली पुढे केली. "जा," म्हणले.

१६ नोव्हेंबर

पुन्हा तेच दुकान, आधीची चाकं बदलून घ्यायले. मालक वैतागला — "ताई, चाक चाकच असते!" मी म्हणलं, असते, पण गाडी गाडी वेगळी असते. ढिगातली चाकं एकेक उलटवली. हात काळे, ओढणी काळी. साडेपाच इंच बरेच, ईटी कुठं ३०, कुठं २५. शेवटी भिंतीकडचा संच — साडेपाच, ईटी ४३! बोल्टची छिद्रं, मधलं भोक, सगळं स्टेपनीशी जुळवून पाह्यलं. एक चाक वाकडं निघालं. ते बदलूनच घेतलं, तेव्हाच निघाली.

१७ नोव्हेंबर

सकाळी अम्मीचं डायलिसिस, ऑटोनं. दुपारी काकांकडे.

आधी एकच चाक बसवायले लावलं. आतल्या बाजूनं हात घालून पाह्यलं, कारण आत जास्त घेतलं तर तिकडे शॉकअपले घासते. नाही घासत. मग चारही. पोती टाकली. टायर नी पत्र्याच्या मधात बोटं घातली — दोन बोटं आरामात फिरली!

काका स्वतः बसले गाडीत, पोत्यांजवळ. गतिरोधक. खड्डा. परत गतिरोधक. आवाज — टायर रस्त्यावर चालते तोच, दुसरा नाही. काका म्हणे, "चालव, चालव, थांबू नको!"

२० नोव्हेंबर, गुरुवार

आमच्याच गाडीनं गेलो, आमच्याच गाडीनं आलो. अब्बा जाताना पूर्ण रस्ता कान लावून बसले होते. येताना त्यांचाच डोळा लागला. अम्मी झोपली ती थेट घरच्या दारात उठली. "आलं पण?" म्हणे!

गाडी आता साधी दिसते. चौकात कोणी पाहत नाही. नाही तं नाही.

भाईची चाकं धुवून, पोत्यात बांधून अब्बांच्या दुकानात मागे ठेवली. फोटो पाठवला त्याले.

२२ नोव्हेंबर

दोन निळ्या खुणा. उत्तर नाही. दुसरा फोटो नाही पाठवणार. माफीही नाही मागणार.

२७ नोव्हेंबर

अम्मी दवाखान्यात आत होती, भाईचा फोन आला. मी भांडायच्या तयारीनंच उचलला.

"चाकं विकून टाक, तूबा. गाडी बरी केली तू." मग म्हणे, "माही किडनी अम्मीशी जुळली. पुण्याले सगळ्या तपासण्या झाल्या. ईदची, दिवाळीची, सगळी सुट्टी ऑपरेशनसाठीच जमवून राह्यलो होतो. अम्मीले नको सांगू, तिनं तं पहिल्याच दिवशी कसम घातली होती मले, किडनी द्यायची नाही म्हणून."

ती नाहीच म्हणेल. म्हणू दे! आता आम्ही दोघं आहोत.