‘फाईन’पुढचं टिंब

मॅडम, तुम्हाला इंग्रजीतच लिहायचं ठरवलं होतं. दोन ओळी झाल्या आणि गाडी अडली, म्हणून मराठीत लिहितोय. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते काही मला माहीत नाही. पण विचारायचं तर तुम्हालाच, कारण माझं इंग्रजी जेवढं आहे तेवढं सगळं तुमच्या त्या एका नाटकातलं आहे.

लातुरात तेव्हा गल्लोगल्ली शिकवण्या, जिकडंतिकडं मार्कांचं बोलणं, आणि तुम्ही मात्र पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत आम्हाला जुनं इंग्रजी नाटक वाचायला लावायचात. खालून गिरणी सुरू झाली की आमच्या राजाला ओरडून मरावं लागायचं. मी जवळच्या मुरुडहून एसटीनं यायचो, रोज उशिरा, म्हणून मला पहारेकऱ्याचं काम. वाक्य एकच, ‘आय, माय लॉर्ड.’ मी ते म्हणतो आणि सगळा वर्ग आडवा. मागून एकजण ओरडतो, “आय बी म्हणला, माय बी म्हणला, आता मावशीला बलीव!” तुम्ही डस्टर आपटता. “हसून घ्या. हा ‘आय’ म्हणजे जुन्या इंग्रजीतला होकार, आपलं हाव. आपल्या हावला पुण्यात हसतात, म्हणून ते खोटं होतं का?” मला तेव्हा वाटलं, इंग्रज लोक मूळचे आपल्याच बाजूचे असावेत. अजूनही थोडं वाटतं.

मला आवडायचं ते स्वगत. माणूस पुढं येऊन मनातलं मोठ्यानं सांगतो, मी रागावलोय, मी आता दगा देणार, आणि शेजारी उभ्या माणसाला काही कळत नाही. मी विचारलं होतं, “मॅडम, त्येला ऐकू कसं येत न्हाई? बहिरा हाय का?” तुम्ही म्हणालात, “तुला बाजूच्याच्या मनातलं ऐकू येतं का?” मी बाजूच्याकडं बघितलं. तो डबा उघडत होता.

तर, मधे मी बराच फिरलो. धर्माबादला मिरचीच्या पोत्यांवर शिंकत बसलो, नांदेडला मोबाइलच्या काचा चिकटवल्या. आता अर्धापूरला एका केळीच्या व्यापाऱ्याकडं आहे. केळी आखातात जातात, तिथल्या खरेदीदाराला फोनवर इंग्रजीत लिहायचं, हे माझं काम. अजून पक्कं नाही, मालक नुसतं “बघू” म्हणालेत. परवा त्या खरेदीदारानं विचारलं, गुरुवारी कंटेनर भरता का. मी गडबडीत इंग्रजी अक्षरांत आपलं ‘हाव’ लिहिलं आणि फोननं शहाणपणा करून त्याचं ‘हाऊ’ केलं. मी होकार दिला, त्यानं वाचलं ‘कसं?’. त्यानं लिहिलं, ‘हाऊ व्हॉट?’ मी घाबरून ‘येस सर येस’ पाठवलं. मग आलं ‘फाईन.’ पुढं टिंब. त्यानंतर काहीच नाही.

“काय म्हणला त्यो?” मालकांनी विचारलं.

“फाईन म्हणला.”

“मग झालं की बेस.”

“पण पुढं टिंब दिलंय, मालक.”

“दिलं तर दिलं. शाळा शिकलेला असंल.”

मी नेटवर शोधलं. एक म्हणतो टिंब म्हणजे राग, दुसरा म्हणतो म्हातारी माणसं सवयीनं देतात. म्हणून मालकांना विचारलं, खरेदीदाराचं वय काय. “सोयरीक करायची का त्येच्याशी?” ते भडकले. “कोयतेवाले बांधावर बसलेत. कापलेला घड पुन्हा झाडाला लागत न्हाई. दुपारपातुर पक्कं कळलं न्हाई, तर तू तुझा रस्ता धर.” नाटकात रागावलेला माणूस पानभर बोलायचा हो मॅडम. इथं टिंब देतात. टिंबाचा अर्थ कुणी शिकवला नाही.

शेवटी केळीच्या सावलीत बसून एकेक शब्द बघून लिहिलं: मला तुमचं कळलं नाही, तुम्ही माझ्यावर रागावलात का? पाठवून टाकलं. धंद्यात असं कोण विचारतं? थोड्या वेळानं उत्तर आलं: राग कसला, गाडी चालवत होतो, गुरुवारी भरा. मालकांनी कोयतेवाल्यांना हाक मारली आणि मला म्हणाले, “उद्या टायमावर ये.”

मी खूश व्हायला पाहिजे होतं. पण मला शिकवणी सोडली तो दिवस आठवत राहिला. मी जिन्यात म्हटलं, “मॅडम, उद्यापासून येत न्हाई, कामाला चाललोय.” तुम्ही चष्मा पुसत होतात. “बरं,” एवढंच म्हणालात आणि आत गेलात. ते ‘बरं’ म्हणजे जा, का थांब, का तुझ्यावर मेहनत वाया गेली? त्याच उन्हाळ्यात तुम्ही गेलात, मला कळलं तेव्हा पाऊस संपून गेला होता. दार तर उघडंच होतं त्या दिवशी, विचारता आलं असतं. विचारायचं सुचलं नाही असंही नाही, मॅडम. तुम्ही ‘हो, रागावले’ म्हणाल, याची भीती वाटली.