मेयोहून आलेली टर्की

९ डिसेंबर १९५८, कॉव्हेन्ट्री

येऊ नकोस म्हणे!

मेयोच्या घरून चार ओळींचं पत्र. आईचे डोळे गेल्यापासून तिची पत्रं मालाकीच लिहितो. 'आई म्हणते, यंदा नाताळला येऊ नकोस. युना घरात नवीन आहे, जागेची अडचण होते. आईची तब्येत ठीक. टर्की नेहमीसारखी पाठवू.'

जागेची अडचण! त्याच दोन खोल्यांत आम्ही सात भावंडं वाढलो. तेव्हा कुणाची अडचण झाली नाही. आता मालाकीची, भावाची बायको आली आणि धाकटी मुलगी जास्तीची झाली.

तीन नाताळ या हॉस्पिटलच्या भटारखान्यात काढले. यंदा मेट्रनच्या हातापाया पडून रजा घेतली होती. बोटीचं तिकीट ट्रंकेत आहे.

१२ डिसेंबर

रजा परत केली. मेट्रन म्हणाली, "तुम्हा आयरिश मुलींचं एक काही ठरलेलं नसतं." ऐकून घेतलं. काय सांगणार? आईलाच मी नको आहे म्हणून?

१४ डिसेंबर

उत्तर लिहिलं. आधी तीन कागद फाडले. मी काहीही लिहिलं तरी मालाकी ते चुलीपाशी बसून मोठ्याने वाचणार, युना विणता विणता ऐकणार. म्हणून एवढंच— 'बरं. मलाही इथे काम आहे.'

१८ डिसेंबर

टर्की आली. गोणपाटात शिवलेली, दोन पाय बाहेर. पोस्टमन म्हणाला, "मिस, तुमचे पाहुणे आले. या गल्लीत आज असे नऊ वाटलेत."

पत्ता आईच्या शेजारणीच्या, डीलियाच्या हातचा. आईला दिसत नाही तरी टर्की ती स्वतःच साफ करते, पोटात गवत भरते, आणि गवतात हातभट्टीची छोटी बाटली लपवते. पहिल्या वर्षी निरोप होता— "बाहेर ठेवली तर टपालातले इंग्रज पितील."

टाके उसवले नाहीत. पोरीला येऊ नको म्हणायचं आणि वर पक्षी पाठवायचा! मी काय भिकारीण आहे?

माझी घरमालकीण पार्गेटरबाई उद्या बहिणीकडे जाणार, केटरिंगला. तिलाच देऊन टाकली. ती संकोचली. "अहो, तुमच्या आईने पाठवली ना ही?"

"मला टर्की आवडत नाही," म्हटलं. साफ खोटं. वर्षभर वाट बघते मी.

बाटलीचं मुद्दाम बोलले नाही. बाई दारूचा वास आला तरी खिडकी उघडते. बहिणीच्या ओट्यावर ती बाटली निघाली की काय तोंड होईल तिचं! आठवड्यात तेवढंच एक हसू आलं.

२४ डिसेंबर

आज घरी खिडकीत मेणबत्ती लागली असेल. लावायचा मान घरातल्या सगळ्यात धाकट्याचा, म्हणजे माझा. मी नसले की आई मालाकीला लावायला सांगायची, पण माझं नाव घेऊन. आता युना लावेल. लावू दे.

चर्चला गेले नाही. डोकं दुखतंय असं सांगितलं, आणि मग खरंच दुखलं.

२५ डिसेंबर

वॉर्डात सगळ्यांना टर्की वाढली. मी बटाटे खाल्ले.

२९ डिसेंबर

घरून ओळ नाही. माझीही नाही. बघू कोण आधी वाकतं.

२ जानेवारी १९५९

पार्गेटरबाई परतली. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लांबूनच टेबलावर ठेवलं. "पक्षी फार चवदार होता. पण हे तुमचं तुमच्याकडे. आमच्यात चालत नाही."

बाटली. उचलली तर हलकी. बुचावर मेण ओतलेलं. आत दारू नव्हतीच, कागदाची सुरळी होती. अक्षर डीलियाचं.

'सबी, मी सांगतेय, डीलिया लिहितेय. पत्रात मालाकी त्याच्या मनचं लिहितो असा मला संशय आहे. मी तुला ये म्हटलं, आणि तो वाचून दाखवताना अडखळला. बाटली तेवढी तो उघडायचा नाही, दारूला शिवणार नाही अशी शपथ घेतलीय त्याने. डॉक्टर माझ्या पोटावर हात ठेवून गप्प बसला. नाताळ काढीन, पुढचं माहीत नाही. ये. तू आल्याशिवाय खिडकीतली मेणबत्ती मी कुणाला लावू देणार नाही. अंधार मला तसाही आहेच.'

पंधरा दिवस! पंधरा दिवस हा कागद केटरिंगच्या एका फडताळात पडून होता, आणि तिथे पाठवला मी. माझ्या या हातांनी.

३ जानेवारी, होलिहेड

बोटीला उशीर. मेट्रनला विचारलं नाही. नोकरी गेली तर गेली. बाकावर शेजारी एक बाई सफरचंद खातेय, मला तिचाही राग येतोय.

५ जानेवारी, घरी

काल पोचले. खिडकीत मेणबत्ती उभी, वात कोरी. आई आहे. ग्लानीत आहे, पण आहे.

मालाकी फाटकाशीच भेटला. "तुला येऊ नको म्हटलं होतं." तरी माझी बॅग घेतली. मी तोंडाला येईल ते बोलले. चोर म्हटलं, बायकोचा बैल म्हटलं. तो बॅग धरून उभा. मग म्हणाला, "ती फक्त तुझ्यासाठी जीव धरून थांबलीय, सबी. मला वाटलं, तू आलीच नाहीस तर थांबून राहील."

युनाने मला चहा दिला. महिनाभर आईची अंथरुणं तीच धुतेय. हात लालबुंद झालेत.

६ जानेवारी

आज बायकांचा नाताळ, घरकाम पुरुषांनी करायचं, म्हणून चुलीपाशी मालाकी. मेणबत्ती मी लावली. काडीच्या आवाजाने आई जागी झाली. माझे केस चाचपले.

"टर्की कशी होती गं?"

"छान होती. सगळी मीच खाल्ली."

"तरीच," म्हणाली. "बराच वेळ लावलास."